गवत धरायचं कोणी?

खानदेशात 'लॉन' म्हटलं की डोळ्यांपुढे गवत येत नाही, पंगत येते. धुळ्याहून साक्रीकडे निघा, शिरपूरकडे निघा, नाही तर पारोळ्यावरून जळगावकडे. थोड्या थोड्या अंतरावर एक कमान दिसते आणि तिच्यावर कुणाच्या तरी आईचं किंवा वडलांचं नाव आणि पुढे 'लॉन्स'. पत्रिकेतही तसंच छापतात. गवत असतं, पण ते सजावटीच्या खर्चात मोडतं. त्याच्याकडे लक्ष जातं ते बिघडल्यावरच.

माझ्या चुलतभावानं चार वर्षांपूर्वी हायवेला लागून दोन एकरांत असंच एक लॉन्स काढलं. गेल्या मे महिन्यात शनिवारी मोठं लग्न होतं म्हणून गुरुवारी त्यानं सगळं गवत मशीननं कापून घेतलं. शुक्रवारी संध्याकाळी मला फोन आला, "भाऊ, गवत पांढरं पडलं. लवकर ये." मी शाळेत विज्ञान शिकवायचो, त्यामुळे घरात काहीही बिघडलं की मलाच बोलावतात, फ्रिजसुद्धा. मी पोचलो तोवर दोष ठरवून झाला होता. आधी बोअरच्या पाण्यात क्षार, मग युरिया जास्त पडला, मग नर्सरीवाल्यानं फसवलं. काकू ओट्यावरून म्हणाली, "गवत कापाले इतलं मोठं मशीन? बकऱ्या सोडी दे ना रे!"

मी गुडघ्यावर बसून एक पातं उपटलं. खालून हिरवंगार. फक्त शेंडा, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर, पांढुरका आणि चिंध्या झालेला. कडुनिंबाची काडी दात घासायला चावल्यावर जशी पिंजते, अगदी तशी. म्हणजे गवत कापलं गेलंच नव्हतं, ओरबाडलं गेलं होतं. पेट्रोलची टाकी रिकामी केली, प्लगची वायर काढून बाजूला केली, मशीन आडवं केलं आणि पातं बघितलं. धार होती तिथे कडा पळीच्या काठासारखी गोल झाली होती. चार वर्षांत त्या पात्याला कानस लागलेली नव्हती.

पाणी नाही, युरिया नाही, नर्सरीवाला नाही. प्रश्न धारेचा होता. पण चार वर्षं बोथट पातंही गवत 'कापत' होतं, ते कसं? हे सांगायला गेलो आणि माझ्या लक्षात आलं की गवत कापायच्या दोनशे वर्षांच्या सगळ्या यंत्रांमागे एकच साधा प्रश्न आहे: कापताना गवत धरायचं कोणी?

विळ्याचं बघा. उजव्या हातात विळा, पण खरं काम डाव्या हाताचं. डाव्या हातानं मूठ धरली नाही तर विळा गवतावरून नुसता फिरतो आणि गवत वाकतं. घरचं कडबा-कुट्टी मशीन बघा. दोन दातेरी रूळ कडबा दाबून पुढे ढकलतात, मग चाकाची पाती तो तोडतात. रूळ ढिले झाले की कुट्टी लांब आणि फाटकी पडते. जिनिंगमध्ये तर हे फार सुंदर दिसतं. कापसाचा धागा चामड्याच्या रुळाला चिकटून एका स्थिर सुरीखाली ओढला जातो, सरकी त्या फटीतून जाऊ शकत नाही, आणि दुसरी हलती सुरी तिला टिचक्या मारून सोडवते. धरणारा वेगळा, मारणारा वेगळा.

आणि बकरी? तिला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात. तिथे टणक हिरडीची गादी असते. खालचे दात त्या गादीवर दाबून ती गवत पकडते आणि मानेला हिसका देते. गाय तर जिभेचा विळखा घालते. धरल्याशिवाय कोणीच कापत नाही. काकूची सूचना तशी जुनीच आहे म्हणा. इंग्लंडातल्या जमीनदारांची हिरवळ कित्येक पिढ्या मेंढ्यांनीच राखली, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या व्हाइट हाउसच्या आवारातही राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी मेंढ्या चरायला सोडल्या होत्या. माणसं सैन्यात गेलेली, शिवाय लोकर विकून रेड क्रॉसला पैसे.

अडचण अशी की हिरवळीचं गवत दीड-दोन इंचांचं. ते मुठीत येत नाही. युरोपात त्यासाठी लांब दांड्याचा, माणसाच्या हाताएवढ्या पात्याचा विळा वापरत. उभ्यानं, कंबरेतून झोका देत चालवायचा. डावा हात इथे धरायला नाही, मग गवत उभं कसं राहणार? हे लोक पहाटे, दव असताना कापायचे. दवानं आणि रात्रभर शोषलेल्या पाण्यानं गवताचं पातं जड आणि ताठ झालेलं असतं, पटकन वाकत नाही. ऊन चढलं की तेच गवत लवचिक होतं आणि विळ्याखालून सटकतं. म्हणजे धरायचं काम त्यांनी पाण्याच्या वजनावर सोपवलं होतं. पण अशी माणसं तयार व्हायला वर्षं लागायची, आणि कितीही कसबी हात असला तरी हिरवळीवर झोक्याच्या कमानी उमटायच्याच. म्हणून गुळगुळीत हिरवळ ही गड्यांचा ताफा पोसणाऱ्या श्रीमंतांचीच चैन होती.

उत्तर बागेतून आलं नाही, कापडाच्या गिरणीतून आलं. अमळनेरची प्रताप मिल किंवा जळगावची खानदेश मिल ज्यांनी आतून बघितली आहे त्यांना हे चटकन पटेल, कारण गिरणीतला मिस्त्री एका यंत्राचा उपाय दुसऱ्याला लावण्यात तरबेज असतो. इंग्लंडात ग्लॉस्टरशर परगण्यात स्ट्राउड नावाचं लोकरी कापडाचं गाव आहे. त्याच्याजवळच्या थ्रप इथे एडविन बडिंग नावाचा असाच एक यंत्रकारागीर होता. लोकरी कापड विणल्यावर त्यावरची लव उभी करतात आणि मग सगळीकडून सारखी छाटतात. त्यासाठी गिरणीत एक यंत्र होतं: लांब रुळावर पिळासारखी चढवलेली पाती फिरतात आणि खाली एक सपाट पातं स्थिर असतं. कापड मधून जातं आणि लव कातरली जाते. बडिंगनं ते यंत्र बघितलं आणि त्याला जमीन म्हणजे कापड आणि गवत म्हणजे लव दिसली. 31 ऑगस्ट 1830 रोजी त्याला पेटंट मिळालं. जॉन फेराबी या कारखानदारानं पैसा आणि ओतशाळा पुरवली. पहिलं यंत्र 19 इंच रुंद, लोखंडाचं, इतकं जड की पुढून एकानं ओढायचं आणि मागून दुसऱ्यानं ढकलायचं. लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयानं सुरुवातीच्या यंत्रांपैकी एक घेतलं, ऑक्सफर्डच्या कॉलेजांनीही घेतली. पेटंटच्या अर्जात बडिंगनं लिहिलं होतं की गावाकडच्या सद्गृहस्थांना हे यंत्र स्वतः चालवण्यात गंमत आणि चांगला व्यायाम मिळेल. गड्याचं काम मालकाला व्यायाम म्हणून विकायची ही युक्ती जुनी आहे, आजच्या जिमवाल्यांनी शोधलेली नव्हे.

इथे थोडं थांबू, कारण बडिंगचं यंत्र नीट समजलं की बाकीची सगळी समजतात.

कात्रीला दोन पाती असतात. दोन्ही कापतात असं आपण म्हणतो, पण नीट पाहिलं तर एक धरतं आणि दुसरं कापतं. बडिंगच्या यंत्रातलं खालचं स्थिर पातं हा विळा चालवणाऱ्याचा डावा हात आहे. फिरणारं पातं गवत पुढून मागे ढकलत आणतं, खालच्या पात्याला टेकवतं आणि तिथे दोघांच्या मधे ते कातरलं जातं. आता फिरती पाती सरळ न बसवता पिळदार का? सरळ असती तर 19 इंचांतलं सगळं गवत एका दणक्यात कापायला लागलं असतं. यंत्र अडकलं असतं, मग सुटलं असतं, पुन्हा अडकलं असतं. पिळामुळे कोणत्याही क्षणी फक्त एका बिंदूवर कातर होते आणि तो बिंदू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जातो. शिंपी कापड कापताना कात्रीचं तोंड जसं हळूहळू मिटत जातो, तसंच.

असं कातरायला जोर फार कमी लागतो. म्हणूनच हे मशीन माणूस नुसतं ढकलू शकतो. चाकं फिरतात, चाकांचे दाते रूळ फिरवतात, बास. गॉल्फच्या मैदानात जिथे गवत तीन-साडेतीन मिलिमीटरवर राखतात, तिथे आजही हीच जात वापरतात. मोटर लागली, हायड्रॉलिक लागलं, रुळावर पाच-सहाऐवजी दहा-अकरा पाती आली, पण आतली गोष्ट 1830 ची.

याची परीक्षा करायची पद्धत मला फार आवडते. वर्तमानपत्राची पट्टी घ्यायची, फिरत्या आणि स्थिर पात्याच्या मधे धरायची आणि रूळ सावकाश फिरवायचा, पण पात्याला हात न लावता, जाड हातमोजा घालून. कागद करकरीत कापला गेला तर मशीन ठीक. कागद नुसता दुमडला तर दोन पात्यांमधे फट आहे, गवतही असंच दुमडणार. एका टोकाला कापतो आणि दुसऱ्या टोकाला दुमडतो असंही होतं. मग एकाच बाजूचा स्क्रू थोडा आवळायचा. आणि धार लावायची रीत तर आपल्या गॅरेजवाल्यांना आधीच माहीत आहे. इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायला जी खरखरीत पेस्ट लावतात, तशीच पेस्ट पात्यांवर लावून रूळ उलटा फिरवायचा. दोन्ही पाती एकमेकांना घासून आपोआप जुळतात. पाट्यावर वरवंटा बसावा तसा.

बडिंगनंतरची सत्तर वर्षं बहुतेक शक्ती ओढणाऱ्यावर खर्च झाली, पात्यावर नाही. 1832 मध्ये इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीनं परवाना घेऊन यंत्रं काढली. स्कॉटलंडात अलेक्झांडर शँक्सनं 1840 च्या दशकात घोड्यानं ओढायचं मोठं यंत्र केलं. घोड्याच्या नालांनी हिरवळ उखडू नये म्हणून त्याच्या पायांत चामड्याचे बूट घालत. आपल्याकडे डांबरी रस्त्यावर बैलाचे खूर झिजू नयेत म्हणून त्याला नाल ठोकतात. तिथे घोड्यापासून गवताला वाचवायला बूट. कोणाला कोणापासून वाचवायचं हे शेवटी मालक ठरवतो.

मग वाफ आली. 1893 मध्ये लँकेशर परगण्यातल्या लेलँड गावच्या जेम्स समनर यानं वाफेवर चालणारं गवतकापणी यंत्र काढलं. टनावारी वजन, पेटवल्यावर वाफ धरेपर्यंत बसून राहायचं, आणि मग हिरवळीवरून रोड रोलरसारखं न्यायचं. फार चाललं नाही. पण त्याच समनरनं 1896 मध्ये भागीदारांबरोबर वाफेच्या गाड्यांची कंपनी काढली, तिचं 1907 मध्ये लेलँड मोटर्स झालं, आणि 1955 मध्ये मद्रासच्या अशोक मोटर्सनं त्यांच्याशी करार करून अशोक लेलँड हे नाव घेतलं. भावाच्या लॉन्ससमोरून मुंबई-आग्रा हायवेवर रात्रंदिवस जे लेलँडचे ट्रक जातात, त्यांच्या खापरपणजोबाच्या हाताला गवत लागलेलं होतं. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ते राहू दे, उद्याचं काय?"

1902 मध्ये रॅन्सम्सनं पेट्रोलवर चालणारं यंत्र विकायला काढलं. अमेरिकेत 1899 मध्ये जॉन अल्बर्ट बर या कृष्णवर्णीय संशोधकाला पेटंट मिळालं ते एका रोजच्या त्रासावर होतं: कापलेलं गवत दात्यांत अडकू नये आणि भिंतीच्या अगदी कडेपर्यंत कापता यावं. अशा कामाचं कौतुक कमी होतं, पण यंत्र वापरणारा माणूस अशांनाच दुवा देतो.

आता भावाच्या मशीनकडे येऊ. ते बडिंगच्या घराण्यातलं नाही. त्यात दुसरं पातंच नाही. डब्याखाली एकच सपाट पट्टी पंख्यासारखी आडवी फिरते, तिच्या दोन टोकांना धार. मग गवत कोण धरतं?

कोणीच नाही. आणि इथेच खरी गंमत आहे.

शाळेतून येताना बांधावरचं गवत छडीनं सपासप तोडत आलेला प्रत्येक जण हे जाणतो. छडी हळू नेली तर गवत वाकतं. जोरात फिरवली तर शेंडा उडून पडतो. गवताला जागचं हलायलाही वेळ लागतो. छडी त्या वेळेच्या आत पलीकडे गेली तर वाकायच्या आधीच ते तुटलेलं असतं. कॅरमच्या सोंगट्यांची चळत लावून खालची सोंगटी स्ट्रायकरनं उडवली की वरच्या जागच्या जागी खाली बसतात, तोच हिशेब. गवताचं स्वतःचं जडत्व हाच इथे डावा हात.

पण त्याला वेग लागतो. हिशेब करून बघा. 21 इंची पातं, म्हणजे 53 सेंटीमीटर. मिनिटाला 3000 फेरे, म्हणजे सेकंदाला 50. एका फेऱ्यात टोक सुमारे 1.67 मीटर फिरतं. सेकंदाला 83 मीटर झाले, म्हणजे ताशी जवळजवळ 300 किलोमीटर. हाताने ढकलून किंवा घोडा जुंपून हा वेग येणं शक्य नाही. म्हणून ही जात जन्मायला हलक्या पेट्रोल इंजिनाची वाट बघत शंभर वर्षं थांबली. इंग्लंडात 1930 च्या दशकात पहिली चांगली यंत्रं आली, पण घराघरांत ती नेली ऑस्ट्रेलियानं. सिडनीच्या मर्व्हिन व्हिक्टर रिचर्डसननं 1952 मध्ये गॅरेजमध्ये भंगारातून एक मशीन जोडलं, त्याला पेट्रोलची टाकी म्हणून पीच फळांचा रिकामा पत्र्याचा डबा लावला, आणि आपल्या मधल्या नावावरून त्याला व्हिक्टा म्हणायला लागला. डबा लावून चालवणं हे आपल्याकडचं शास्त्र आहे असं मला वाटायचं.

पात्याची पट्टी नीट बघितली तर धारेच्या मागची कड वर वळवलेली दिसते. ती विमानाच्या पंखासारखं काम करते. फिरताना हवा वर ओढते, आडवं पडलेलं गवत उभं करते आणि कापलेले तुकडे पिशवीत फेकते. म्हणजे अगदीच कोणी धरत नाही असं नाही, हवा शेंडी धरून ठेवते. 1960 च्या दशकात कार्ल डालमान या स्वीडिश माणसानं उलटं केलं. हवा खाली फेकून अख्खं यंत्रच जमिनीवर तरंगत ठेवलं, चाकंच काढून टाकली. उतारावर छान, पण त्यापलीकडे आपल्याला त्याचं काम नाही.

आता बोथट पात्याचा उलगडा होतो. कात्रीची धार गेली तर ती कापायचं नाकारते, गवत दुमडते, लगेच कळतं. या फिरत्या पट्टीची धार गेली तरी वेग तिला सांभाळून घेतो. 300 च्या वेगानं लोखंडी सळई फिरवली तरी गवत तुटेलच, फक्त ठेचून, चिंध्या करून. यंत्र कुरकुर करत नाही, आवाज तोच, पिशवी भरते. एक-दोन दिवसांनी शेंडे पांढरे. धार बोथट झाल्याचं मशीन सांगत नाही, गवत सांगतं. आणि मे महिन्यात, पारा 44-45 वर असताना, फाटलेल्या शेंड्यातून पाणी उडतं ते वेगळंच. साधारण 20-25 तास चालवलं की पातं काढून कानस मारावी. दोन्ही बाजू सारख्या घासायच्या. नंतर मधल्या भोकात खिळा घालून पातं लटकवायचं. जे टोक खाली जाईल ते जड. तराजूच. जड बाजू ठेवली तर मशीन थरथरतं आणि बेअरिंग जातं.

एक गोष्ट मात्र त्याच वेळी दिसली आणि मी खरंच चिडलो. हँडलला एक आडवी सळई असते, ती दाबून धरली तरच इंजिन चालतं. अमेरिकेत 1982 पासून नियम आहे की हात सुटल्यावर 3 सेकंदांत पातं थांबलं पाहिजे. भावाच्या माळ्यानं ती सळई सुतळीनं हँडलला बांधून टाकली होती, हात दुखतात म्हणून. म्हणजे तो घसरून पडला असता तर मशीन त्याच्याशिवाय चालत राहिलं असतं. ताशी 300 च्या वेगानं खडा उडाला तर तो गोफणीतून सुटल्यासारखा जातो. सुतळी मी तिथेच कापली.

गोफणीवरून आठवलं, गवत कापायची सगळ्यात हुशार कल्पना तीच आहे. ज्वारी निसवताना मचाणावर बसून पाखरं हाकलणाऱ्याला विचारा, दोरी ढिली असते, पण फिरवली की काठीसारखी ताठ होते. जॉर्ज बॅलास नावाचा अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा माणूस 1971 मध्ये गाडी धुवायला गेला. तिथले नायलॉनचे ब्रश फिरताना ताठ होतात आणि गाडीला इजा न करता कोपऱ्याकोपऱ्यात शिरतात, हे बघून त्यानं पत्र्याच्या डब्याला भोकं पाडली, त्यातून मासेमारीची दोरी ओवली आणि डबा फिरवला. झाडाच्या बुंध्याभोवतीचं, दगडांमधलं गवत साफ. धारच नाही म्हणजे बोथट व्हायची भीतीही नाही, झिजली की दोरी पुढे सरकवायची. आज रावेर-यावलच्या केळीच्या बागांपासून शिंदखेड्याच्या बांधांपर्यंत पाठीवर ब्रश कटर अडकवून माणसं दिसतात, ती याचीच वंशावळ. गवताला दोरी, झुडपाला तीन पात्यांचं ब्लेड, गव्हाला बारीक दातांचं गोल ब्लेड. एक सांगतो: गाजर गवत दोरीनं उडवताना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि तोंडाला रुमाल हवाच. दोरी कापत नाही, तुकडे करून शिंपडते, आणि त्या तुकड्यांनी अंगाला जी खाज सुटते ती आठवडा पुरते.

यंत्रांचं एवढं झालं, पण गवताचंही ऐकायला हवं. बाकीची झाडं शेंड्यातून वाढतात. गवताचं वाढायचं ठिकाण बुडाशी, मातीला लागून असतं. म्हणून शेंडा छाटला तरी ते मरत नाही. कोट्यवधी वर्षं जनावरांनी चरून चरून त्याला हे शिकवलं. पण पानं हेच त्याचं स्वयंपाकघर. एकदम अर्ध्याहून जास्त कापलं तर मुळं उपाशी पडतात. म्हणून जगभरचे मैदानवाले एक हिशेब पाळतात: एका वेळी उंचीच्या तिसऱ्या भागाहून जास्त कापायचं नाही. चार सेंटीमीटरवर राखायचं असेल तर सहा झालं की कापा. भावानं पंधरा दिवस वाढू देऊन लग्नासाठी म्हणून एकदम मुंडण केलं होतं. उन्हाळ्यात उलट उंची वाढवायची. उंच गवत आपल्या बुडावर सावली धरतं, माती तापत नाही.

आणि हे गवत आहे तरी कोणतं? भारी नाव सांगून विकलेली बरीच वाणं म्हणजे आपली हरळीच. जी शेतात दिसली की वडील कुदळ घेऊन उठायचे, एक कांडं मागे राहिलं तरी पुन्हा फुटते म्हणून शिव्या घालायचे. गणपतीला 21 जुड्या लागतात तीच ही दूर्वा. जगभर तिला बर्म्युडा ग्रास म्हणतात. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावी ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञानं तिच्या आणि आफ्रिकेतल्या बारीक पानांच्या चुलत बहिणीच्या संकरातून 1960 मध्ये 'टिफवे' हे वाण दिलं. ते जगभरच्या मैदानांवर गेलं. त्याला बी धरत नाही, कांड्या लावूनच वाढवावं लागतं. म्हणजे ज्या गुणासाठी शेतकरी हरळीचा राग करतो, त्याच गुणावर तिचा धंदा उभा आहे.

हरळी आडव्या दोऱ्या सोडत पसरते, आणि वर्षं गेली की मातीवर वाळक्या दोऱ्यांची सतरंजी तयार होते. पाणी वरच्या वर राहतं. त्यासाठी उभ्या पात्यांचं यंत्र असतं, ते सतरंजी चिरत जातं. दुसरं यंत्र पोकळ दातांचं. बोटाएवढ्या जाडीच्या, सात-आठ सेंटीमीटर लांबीच्या मातीच्या कांड्या काढून वर टाकतं. आपल्याकडे याची गरज दुप्पट आहे, कारण काळी माती. हजार माणसं पंगतीला बसून गेली, मांडवाचे खांब ठोकले, कॅटरिंगचा टेम्पो आत आला की ओली काळी माती दाबून विटेसारखी होते. सुकली की भेगा. तिच्यावर रोलर फिरवायचा उत्साह आधी आवरा. क्रिकेटच्या खेळपट्टीला रोलर हवा, कारण तिथे गवत नाही, टणक माती हवी असते. हिरवळीला भोकं हवीत, आणि त्या भोकांत रेती. यंत्र नसलं तर टोकदार सळयांचा काटा पायानं दाबत फिरलं तरी बरंच काम होतं, पण पोकळ दात माती बाहेर काढतो आणि सळई ती बाजूला दाबते, एवढा फरक लक्षात ठेवायचा.

भावाला खरं तर टीव्हीवर दिसतात तसे गडद-फिके पट्टे हवे होते. त्याला वाटलं दोन प्रकारचं गवत लावतात. मी त्याला मंगल कार्यालयातल्या मखमली खुर्चीवर बोट फिरवून दाखवलं: एका बाजूला फिरवलं की फिकं, उलट फिरवलं की गडद. मशीनच्या मागचा रूळ जाताना गवत एका दिशेला झोपवतो, परतताना दुसऱ्या. आपल्यापासून दूर झुकलेली पानं जास्त उजेड परत फेकतात, आपल्याकडे झुकलेली कमी. गवत तेच, उंची तीच.

हल्ली तो फोनवर रोबोचे व्हिडिओ बघतो. 1995 मध्ये स्वीडनच्या हुस्कवार्ना कंपनीनं सौर ऊर्जेवर चालणारा गवत कापणारा रोबो बाजारात आणला. त्यानंतरचे रोबो बॅटरीवर चालतात आणि मातीत पुरलेल्या तारेचं कुंपण ओळखतात. नवे काही उपग्रहावरून आपली जागा शोधतात. ऊन म्हणशील तर आपल्याकडे कमी नाही, साक्री तालुक्यात त्यावर वीज प्रकल्प उभा आहे. रोबोची पाती दाढीच्या ब्लेडएवढी, सुटी लटकणारी, पण कमालीची धारदार. त्याची खरी चतुराई मात्र धारेत नाही. तो पंधरा दिवसांची कापणी एकदम करत नाही, रोज हिंडत एक-दोन मिलिमीटर घेतो. एवढा कोवळा शेंडा धरायला कोणीच लागत नाही, आणि पडलेले बारीक तुकडे तिथेच कुजून खत होतात. मेंढीही तेच करायची.

शनिवारचं लग्न पार पडलं. शुक्रवारी रात्री आम्ही पातं काढलं, गॅरेजवाल्याच्या ग्राइंडरवर धार लावली, पहाटे मशीन जरासं खाली उतरवून फक्त पांढरे शेंडे उडवले आणि भरपूर पाणी दिलं. नवऱ्याकडच्यांनी गवताकडे बघितलंही नाही. त्यांचं लक्ष वरणबट्टी आणि वांग्याच्या भाजीवर होतं. काकू कापलेल्या गवताच्या गोण्या बघत होती. बकऱ्यांना टाकू का म्हणाली. नको म्हटलं, पेट्रोल-ऑइलचे थेंब असतील. तिनं गोणीत हात घातला, गवत उबदार लागलं म्हणून नाकाशी नेलं, आणि गोणी उचलून शेणखताच्या खड्ड्याकडे निघाली.